पंचांचे मानधन, अमेरिकेतली टाळेबंदी आणि आपली मैदाने

पाचपाखाडीकर

मंडळी, गेला महिनाभर मनात घोळणारा एक प्रश्न आपल्यासमोर ठेवतो. मी ठाण्यात बावीस वर्षे शनिवार-रविवारी क्रिकेटच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत बँकेत नोकरी केली आणि आता निवृत्त झालो आहे. मागच्या महिन्यात शहरातल्या एका स्पर्धेत एका तरुण पंचाने आयोजकांना सांगितले की आधीच्या स्पर्धेचे थकलेले मानधन हातात पडल्याशिवाय तो उभा राहणार नाही. आयोजकांनी त्याच्याशी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त एक फोन केला. तासाभरात दुसरा पंच आला आणि सामना सुरू झाला. तरुण पंचाने टोपी काढून पिशवीत ठेवली आणि तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

त्या दिवसापासून मला अमेरिकेतली २०१२ सालची गोष्ट सारखी आठवते. तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने (हा अमेरिकन फुटबॉल, यात चेंडू हातात घेऊन आणि फेकून खेळतात), वेतन आणि निवृत्तिवेतनाच्या वादात आपल्या सर्व नियमित पंचांना जूनपासून कामाबाहेर ठेवले आणि हंगामाचे पहिले तीन आठवडे बदली पंचांकडून सामने खेळवून घेतले. २४ सप्टेंबरला सिॲटलमध्ये ग्रीन बे पॅकर्स १२-७ असे पुढे असताना अखेरच्या चेंडूवर सिॲटलच्या खेळाडूने लांब फेक केली. चेंडूवर दोन्ही संघांच्या खेळाडूंचे हात होते. शेजारी उभ्या असलेल्या दोन पंचांपैकी एकाने टचडाऊनची, म्हणजे सहा गुणांची, खूण केली आणि दुसऱ्याने डोक्यावर हात हलवून वेगळीच खूण केली. सिॲटल १४-१२ ने जिंकले. दोनच दिवसांनी, २६ सप्टेंबरला, लीगने नियमित पंचांशी करार केला.

माझा प्रश्न असा आहे. ज्याचे पोट दुसऱ्या नोकरीवर चालते, त्या पंचाला खेळाकडून योग्य मोबदला, तो वेळेवर मिळण्याची हमी आणि म्हातारपणाची तरतूद मागण्याचा हक्क आहे का? आणि तो त्यासाठी अडून बसला, तर त्याच्या जागी दुसऱ्याला उभे करणे न्याय्य आहे का?

नौपाडा ७१

मी पंच नाही, प्रेक्षक आहे, म्हणून माझे मत थोडे कडू वाटेल. एनएफएलच्या पंचांना २०११ साली सरासरी १,४९,००० डॉलर मिळत होते आणि तेही सोळा-सतरा आठवड्यांच्या हंगामासाठी. त्यांपैकी बहुतेकांचा स्वतंत्र व्यवसाय होता. एड हॉक्युली हे नावाजलेले पंच तर ॲरिझोनातले व्यवसायाने वकील. अशा माणसांनी निवृत्तिवेतनासाठी संप करावा आणि लाखो प्रेक्षकांचा विरस करावा, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या पंचाचे मानधन बुडू नये, याबद्दल मात्र दुमत नाही.

जुना कळवेकर

नौपाडा, आपल्या मताचा आदर करून एक दुरुस्ती करतो, कारण सगळा प्रश्न त्या एका शब्दावर उभा आहे. तो संप नव्हता, टाळेबंदी होती. संपात कामगार काम थांबवतो. टाळेबंदीत कामगार दारात उभा असतो आणि मालक दार बंद करतो. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात एकतीस वर्षे काम केले आणि त्यातली नऊ वर्षे युनियनच्या कमिटीवर होतो. गेटला कुलूप दिसले की बाहेरचे लोक 'पुन्हा संप झाला' असे म्हणत पुढे जायचे, आणि आम्ही फाटकाबाहेर बसून ते ऐकायचो. विरस कोणी केला, हे ठरवण्याआधी कुलूप कोणी लावले, ते पाहावे.

पैशाबद्दलही दोन शब्द. माझ्या वाचनात आले त्याप्रमाणे खरा गुंता पगारवाढीचा नव्हता, निवृत्तिवेतनाचा होता. पंचांना ठरावीक रकमेची हमी देणारी जुनी योजना होती. लीगला ती बंद करून दरवर्षी खात्यात ठरावीक वर्गणी भरायची आणि पुढचा चढउतार ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडायचा, अशी नवी योजना आणायची होती. आमच्याकडे सरकारी कर्मचारी 'जुनी पेन्शन' म्हणून ज्यासाठी मोर्चे काढतात, तोच हा वाद. सुमारे ९ अब्ज डॉलर वार्षिक उलाढाल असलेल्या लीगला सव्वाशेच्या आतबाहेर पंचांची जुनी योजना परवडत नव्हती, हे मला मान्य नाही. लीगला रकमेपेक्षा पायंडा महत्त्वाचा वाटत होता. करारात अखेर मधला मार्ग निघाला. तेव्हाच्या पंचांची जुनी योजना २०१६ च्या हंगामापर्यंत चालली आणि त्यानंतर वर्गणीची योजना आली. सरासरी वेतन २०१३ मध्ये १,७३,००० डॉलर आणि २०१९ पर्यंत २,०५,००० डॉलर व्हायचे ठरले.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रीन बे ज्या विस्कॉन्सिन राज्यात आहे, तिथले तेव्हाचे गव्हर्नर स्कॉट वॉकर सरकारी कर्मचारी संघटनांचे सामूहिक वाटाघाटीचे अधिकार कापण्याबद्दल देशभर ओळखले जात होते. त्या रात्रीच्या पराभवानंतर खऱ्या पंचांना परत आणा, असे त्यांनीही जाहीरपणे लिहिले. कसबी माणसाची किंमत त्याच्या गैरहजेरीत कळते, आणि ती सगळ्यांनाच कळते.

महापे रात्रपाळी

तो सामना मी प्रत्यक्ष पाहिला आहे. तेव्हा मी महाप्यात अमेरिकन ग्राहकासाठी रात्रपाळी करत होतो आणि तिथला सोमवार रात्रीचा सामना आपल्याकडे मंगळवारी सकाळी असतो. पाळी संपूनही आम्ही चौघे कॅन्टीनमध्ये थांबलो होतो. खेळ संपल्यावर मैदानावर सगळे सैरभैर झाले होते आणि निकालानंतरचा एक गुणाचा औपचारिक प्रयत्न पुरा करण्यासाठी खेळाडूंना परत बोलवावे लागले. दुसऱ्या दिवशी लीगने पत्रक काढून म्हटले की सिॲटलच्या खेळाडूने आधी प्रतिस्पर्ध्याला ढकलले होते आणि तो दोष द्यायला हवा होता, मात्र मैदानावरचा निकाल कायम राहील.

बदली पंच वाईट माणसे नव्हती, हे इथे नोंदवतो. ते खालच्या स्तरावरच्या महाविद्यालयीन आणि शालेय सामन्यांतून आलेले होते आणि त्यांना एका रात्रीत जगातल्या सर्वांत वेगवान फुटबॉलसमोर उभे केले गेले. शॅनन ईस्टिन या त्याच हंगामात एनएफएलच्या नियमित सामन्यात पंच झालेल्या पहिल्या महिला ठरल्या आणि त्याही बदली पंच होत्या. त्यांचे यश खरे होते आणि ज्या दारातून त्या आत आल्या, ते दार दुसऱ्यांसाठी बंद केलेले होते, हेही खरे होते. मला आजही त्या दोन गोष्टींचा मेळ घालता येत नाही.

२७ सप्टेंबरला नियमित पंच बाल्टिमोरच्या मैदानावर परतले, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पंच मैदानात येताना टाळ्या पडल्याचे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

नौपाडा ७१

कळवेकर, दुरुस्ती मान्य आहे. संप हा शब्द मी चुकीचा वापरला. तरीही अर्धवेळ कामाला पूर्ण निवृत्तिवेतन का, हा माझा प्रश्न उरतोच.

उपवनकाठ

अर्धवेळ या शब्दाबद्दल माझी हरकत आहे. आपल्या ठाण्यातच राहिलेले पिलू रिपोर्टर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरी करत करत कसोटी पंच झाले. १४ कसोटी आणि २२ एकदिवसीय सामने त्यांनी सांभाळले, १९९२ च्या विश्वचषकात ते उभे राहिले. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीत ते आणि व्ही. के. रामस्वामी हे दोघे तिसऱ्या देशाचे पंच म्हणून उभे होते. तटस्थ पंचांची जी पद्धत आज सगळे जग गृहीत धरते, तिची सुरुवात त्या सामन्यातून झाली. ३ सप्टेंबर २०२३ रोजी ते गेले, तेव्हा मैदानावरच्या जुन्या माणसांना आपल्या घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

त्यांच्या चौकाराच्या खुणेची नक्कल आम्ही लहानपणी गल्लीत करायचो. मला सांगायचे ते इतकेच की नोकरी विद्युत मंडळात होती म्हणून त्यांची पंचगिरी अर्धवेळ ठरत नाही. दिवसभर उन्हात प्रत्येक चेंडूवर लक्ष एकवटणे, घरी येऊन नियमांचे पुस्तक उघडणे, चुकलेल्या निर्णयाने रात्री झोप न लागणे, या गोष्टींना अर्धे माप लावता येत नाही.

सानपाडा आयोजक

हा धागा वाचून गप्प बसणे योग्य नाही, कारण आरोपी म्हणावे तर मीच आहे. आमचे मंडळ दरवर्षी टेनिस चेंडूची प्रकाशझोतातली स्पर्धा घेते. लोकांना चषक, फलक आणि डीजे दिसतो. मैदानाचे भाडे, परवानग्या, दिव्यांचा जनरेटर, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, थेट प्रक्षेपणवाल्याचे पैसे हे सगळे आधी द्यावे लागते, आणि पुरस्कर्त्याने कबूल केलेली रक्कम अनेकदा अंतिम सामन्यानंतर, कधी महिन्याने येते. जनरेटरवाला उधारीवर येत नाही. पंच येतात, कारण ते आपले असतात, ओळखीचे असतात. म्हणून शेवटी थांबवले जाते ते पंचांचे पैसे. यात बुडवण्याचा हेतू नसतो. पण थांबायला कोण तयार होईल याचा हिशेब आम्ही मनातल्या मनात करतो आणि दरवेळी तो पंचांवर येऊन थांबतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

अमेरिकेतल्या लीगची तुलना मात्र आम्हाला लावू नये. तिथे अब्जावधींचा व्यवहार आहे आणि इथे आम्ही वर्गणी गोळा करतो.

मध्यरेषा

आयोजक दादा, आपण मोकळेपणाने लिहिले म्हणून मीही तसेच लिहिते. मी ऐरोलीला राहते आणि ठाणे जिल्ह्यात अकरा वर्षे कबड्डीची पंच आहे. आपण म्हणता की पंच आपले असतात. मला अडचण नेमकी तिथे दिसते.

आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत यजमान मंडळाचा संघही खेळतो. म्हणजे ज्याच्या हातून मला पाकीट मिळायचे आहे, त्याचाच चढाईपटू माझ्यासमोर लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, पाय टाकतो. पाय झटापटीच्या आधी पडला की नंतर, हे मला निमिषात ठरवायचे असते. एका वर्षी उपान्त्य सामन्यात शेवटच्या चढाईत यजमानांचा खेळाडू मी बाद दिला आणि ते एका गुणाने हरले. बक्षीस समारंभ संपल्यावर सर्व पंचांना पाकिटे मिळाली. माझे पाकीट 'घरी विसरले' होते. ते आजतागायत घरीच आहे. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेचे बोलावणे मला आले नाही. तेव्हा मी कोणाकडे तक्रार केली नाही, कारण तक्रार करणारी पंच म्हणून नाव झाले असते तर इतर मंडळांनीही बोलावणे थांबवले असते.

म्हणून मानधन सामन्याआधी द्यावे, ही मागणी मी केवळ माझ्या गरजेसाठी करत नाही. ज्याचे पैसे सामन्यानंतर मिळायचे आहेत, त्या पंचाच्या निर्णयाकडे पाहुण्या संघाने विश्वासाने का पाहावे? अमेरिकेतल्या त्याच टाळेबंदीत एका बदली पंचाला सामन्याच्या तोंडावर बाजूला करावे लागले होते, कारण तो न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा चाहता होता आणि सामना त्याच संघाचा होता. तिथे नुसता चाहता असणे पुरेसे मानले गेले. आमच्याकडे यजमान संघ आमच्या पैशांचा मालक असतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

रात्रीचे सामने लांबले की ट्रान्स हार्बरची शेवटची गाडी चुकते. रिक्षाचे पैसे कोणी धरत नाही. ते त्याच मानधनातून जातात.

गुणलेखक

मध्यरेषाताईंच्या पोस्टमधला शब्द न् शब्द खरा आहे. त्यात एवढीच भर घालतो की गुणलेखकाला अनेकदा पाकीटही नसते, जेवणाचे कूपन असते. सामन्यावरून वाद झाला की पहिली मागणी मात्र माझ्या वहीची होते.

वाशीतला वकील

कायद्याच्या अंगाने लिहितो. इथल्या चर्चेत एक शब्द सगळ्यांनी सहज वापरला आहे: मानधन. वेतन म्हटले की मालक आणि कामगार हे नाते येते, त्यामागे कायदे येतात. मानधन म्हटले की देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचा संकोच येतो. आपल्या भाषेत हा शब्द गौरवाचा आहे आणि त्याच गौरवाआड देणे लांबवण्याची सोय झाली आहे.

परंतु नाव मानधन असल्याने हक्क संपत नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या प्रकरणात ग्रॅच्युइटीचा कायदा, १९७२ त्यांना लागू होतो, असा निर्णय दिला. त्यांना मिळणाऱ्या रकमेला मानधनच म्हटले जात होते. न्यायालयाने शब्दामागचे काम पाहिले. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात बीसीसीआय ही संस्था कर्मचारी राज्य विमा कायद्यापुरती 'दुकान' या व्याख्येत येते, असेही सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, कारण तिचे व्यवहार व्यापारी स्वरूपाचे आहेत. म्हणजे खेळ चालवणारी संस्था खेळाच्या नावाखाली कामगार कायद्यांच्या बाहेर राहू शकत नाही.

आता दुसरी बाजू. या निर्णयांचा थेट फायदा मैदानावरच्या पंचाला मिळेल, असे मी म्हणणार नाही. अंगणवाडी सेविका रोज, वर्षानुवर्षे, एकाच यंत्रणेसाठी काम करते. पंच आज वाशीत, उद्या कळव्यात, परवा कोपरीत उभा असतो. त्याचा मालक कोण, हे पहिल्याच तारखेला विचारले जाईल. शिवाय औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधली उद्योगाची व्याख्या धर्मादाय किंवा सामाजिक कार्याला प्रामुख्याने वाहिलेल्या संस्थांच्या आस्थापना वगळते, आणि आपली बहुतेक मंडळे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात. अशा मंडळाचा वकील हाच मुद्दा मांडेल आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही मांडला असता.

म्हणून व्यवहार्य मार्ग एकच दिसतो. नेमणुकीचे पत्र लेखी असावे आणि त्यात रक्कम व ती देण्याची वेळ नोंदवलेली असावी. ते एक पानही पुरते. मग तो निव्वळ कराराचा प्रश्न होतो आणि मालक-कामगार वादात शिरावे लागत नाही.

जुना कळवेकर

वकीलसाहेब, मालक कोण हा प्रश्न तिथेही आहे आणि आमच्या पट्ट्यात तो रोजचा आहे. अमेरिकेत मेजर लीग सॉकरच्या, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाच्या लीगच्या, पंचांना लीग स्वतः नोकरीवर ठेवत नाही. २०१२ साली तिथला फुटबॉल महासंघ आणि लीग यांनी मिळून पंचांसाठी वेगळी संस्था काढली आणि पंच त्या संस्थेचे कर्मचारी झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत पंचांच्या युनियनच्या सभासदांनी समझोत्याचा मसुदा प्रचंड बहुमताने फेटाळला, तेव्हा टाळेबंदी त्या संस्थेने केली, बदली पंच तिने आणले आणि लीगचा हंगाम ठरल्या दिवशी सुरू झाला. मार्चच्या अखेरीस करार मंजूर झाला, तोपर्यंत बदली पंचांनीच सामने घेतले. आमच्याकडे कारखान्याच्या आत काम करणारा माणूस कंत्राटदाराच्या पटावर असतो, तसेच हे आहे. कामाचा लाभ एकाला होतो आणि सही दुसऱ्याची असते.

बदली हा शब्द इथे सगळ्यांनी वापरला, त्याबद्दल एक खुलासा. माझे वडील परळच्या गिरणीत आधी बदली कामगार होते. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी उभे राहायचे आणि रोज सकाळी दारात हजेरी लावून काम मिळेल का, याची वाट पाहायची. त्या बदलीने कोणाचे काम हिरावले नव्हते. टाळेबंदीत किंवा संपात दुसऱ्याच्या जागी जाणाऱ्यासाठी आमच्या गेटवर वेगळा शब्द होता आणि तो मी इथे लिहिणार नाही, कारण त्या शब्दाने मी एका माणसाशी बोलणे तोडले होते. त्याची मुलगी तेव्हा रुग्णालयात होती, हे मला फार उशिरा कळले.

पाचपाखाडीकर, आपल्याला एक विचारू का? त्या दिवशी फोन आल्यावर जो पंच येऊन उभा राहिला, त्याचे याबद्दल काय म्हणणे आहे?

महापे रात्रपाळी

पाचपाखाडीकरांचे उत्तर येईपर्यंत पंचांच्या बाजूच्या चुकीचेही एक उदाहरण देतो, नाहीतर चित्र एकांगी राहील. १९९९ साली अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या पंचांना करारामुळे संप करता येत नव्हता. म्हणून त्यांच्या संघटनेच्या नेतृत्वाने सामूहिक राजीनाम्यांची शक्कल काढली. पन्नासहून अधिक पंचांनी राजीनामे दिले. लीगने घाबरून वाटाघाटीला यावे, अशी अपेक्षा होती. लीगने खालच्या लीगमधून नवे पंच भरायला सुरुवात केली. मग अनेकांनी घाईघाईने राजीनामे मागे घेतले आणि २२ जणांची नोकरी गेली. पुढे लवादाने त्यांतल्या काहींना परत घ्यायला लावले, पण ती जुनी संघटना संपली आणि तिची जागा नव्या संघटनेने घेतली. आपल्या जागी दुसरा मिळणारच नाही, हा विश्वास त्यांना महागात पडला. एनएफएलच्या पंचांना २०१२ मध्ये जे साधले, त्यात एका चेंडूच्या योगायोगाचा वाटा मोठा होता. तो चेंडू खाली पडला असता तर टाळेबंदी किती लांबली असती, हे सांगता येत नाही.

कोपरी कट्टा

तंत्रज्ञान आल्यावर पंचांची गरजच किती उरणार आहे? नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मी सामना पाहिला, तेव्हा निम्मे निर्णय पडद्यावर झाले.

उपवनकाठ

पडद्यासमोरही पंचच बसलेला असतो, आणि ठाण्यातल्या मैदानांवर तो पडदा नाही. वरच्या स्तरावर मोबदला सुधारला आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. बीसीसीआयने २०२२ मध्ये पंचांची नवी श्रेणी केली, तेव्हा प्रथम श्रेणी सामन्यासाठी वरच्या दोन श्रेणींना दिवसाला ४०,००० आणि त्यांखालच्या दोन श्रेणींना ३०,००० रुपये असा दर होता. त्याच वर्षी माजी खेळाडू आणि सामनाधिकारी मिळून सुमारे ९०० जणांचे निवृत्तिवेतनही वाढवले गेले. नौपाडा, आपण विचारले होते की अर्धवेळ कामाला निवृत्तिवेतन कशाला. क्रिकेट मंडळाने स्वतःच त्याचे उत्तर दिले आहे. पण त्या शिडीच्या खालच्या पायऱ्या आपल्या मैदानांवर आहेत आणि तरुण पंच तिथेच कंटाळून निघून गेला तर वर पोहोचणार कोण?

पाचपाखाडीकर

उत्तर द्यायला चार दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. कळवेकर, आपला प्रश्न मी अनेकदा वाचला. त्या दिवशी ज्याला फोन आला, तो मी होतो.

मला फोनवर फक्त 'पंच आला नाही, या' इतके सांगितले गेले. मैदानावर पोहोचलो तेव्हा तो मुलगा फाटकाजवळ उभा होता. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि काय झाले ते सांगितले. तीन वर्षांपूर्वी त्याच्या परीक्षेची तयारी मी घेतली होती. पायचीतच्या नियमाचा एकेक भाग मी त्याला माझ्या घरच्या ओट्यावर खडूने रेषा आखून समजावला होता. मला त्याच वेळी परत फिरता आले असते. दोन्ही संघ नाणेफेकीसाठी उभे होते, प्रेक्षक बसले होते, आणि सामना झाला पाहिजे या बावीस वर्षांच्या सवयीने मी आत गेलो. त्याला मी म्हणालो, 'सामना होऊ दे, तुझ्या पैशांचे मी नंतर बोलतो.' ते बोलणे मी अजून केलेले नाही. मला माझे पैसे त्याच संध्याकाळी मिळाले.

धागा काढताना हे लिहिण्याचे धैर्य झाले नाही. बदली पंच न्याय्य आहे का, हा प्रश्न मी आपल्याला विचारला, पण खरे म्हणजे तो मला स्वतःला विचारायचा होता.

मध्यरेषा

काका, आपण लिहिलेत, हे चांगले केलेत. मी आपल्या जागी असते तर काय केले असते, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या मुलाच्या जागी मी अनेकदा उभी राहिले आहे, म्हणून तिथून सांगते. त्याला बहुधा आपला राग आलेला नसेल. त्याला इतकेच कळले असेल की आपल्या बाजूने कोणी नाही, आणि पुढच्या वेळी तो पैसे मागणार नाही किंवा पंच म्हणून उभाच राहणार नाही. आपण त्याला फोन करा, आणि नुसती क्षमा मागू नका. त्याचे थकलेले पैसे मिळेपर्यंत त्या मंडळाकडे आपणही उभे राहणार नाही, असे त्या मंडळाला कळवा. बावीस वर्षांच्या पंचाने ते सांगितले, तर पुढचा फोन कोणाला करायचा, हा प्रश्न त्यांना पडेल.

नौपाडा ७१

मी सुरुवातीला लिहिलेले मत एनएफएलपुरते अजूनही थोडेफार तसेच आहे. आपल्या मैदानांबद्दल मात्र मध्यरेषा यांचा सामन्याआधीच्या पैशांचा मुद्दा मला पूर्ण पटला. प्रेक्षक म्हणून मी असा विचार कधीच केला नव्हता.

सानपाडा आयोजक

आमची स्पर्धा दिवाळीनंतर आहे. काल रात्री मंडळाच्या बैठकीत मी हा धागा वाचून दाखवला. दोन सभासदांचा विरोध झाला, पण ठरले ते असे: पंच आणि गुणलेखक यांना नेमणुकीचे पत्र देणार, त्यात रक्कम आणि प्रवासखर्च स्वतंत्र लिहिणार, आणि त्या दिवसाचे पैसे पहिल्या सामन्याआधी देणार. पैसे नेहमीच्या अनुभवी पंचांपैकी कोणाच्या तरी हाती आधी एकत्र ठेवावेत, म्हणजे यजमान संघाच्या हातून ते जाणार नाहीत, अशी माझी सूचना आहे. वकीलसाहेब, पत्राचा मसुदा आपण पाहून द्याल का? एक गोष्ट ठरली नाही. अवकाळी पाऊस आला आणि सामना झालाच नाही, तर रक्कम पूर्ण द्यायची की अर्धी?

वाशीतला वकील

मसुदा अवश्य पाठवा, मोबदला नको. पावसाबद्दल असे लिहा की पंच ठरल्या वेळी मैदानावर हजर झाला असेल, तर त्या दिवसाची पूर्ण रक्कम देय राहील.

गुणलेखक

आणि गुणलेखकही, हे शब्द त्याच ओळीत घाला.

पाचपाखाडीकर

काल सकाळी त्याला फोन केला. आधी उचलला नाही, दुपारी त्याचाच आला. रविवारी तो घरी येणार आहे. मंडळाला द्यायचे पत्र आम्ही दोघे मिळून लिहिणार आहोत आणि खाली दोघांच्या सह्या असतील.